बालवयातील दृष्टिबाधा आणि कुटुंब

बालवयातील दृष्टिबाधा म्हणजे जन्मतः किंवा वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत उद्भवलेली आणि मुलाच्या वाढीवर, शिक्षणावर व वावरावर परिणाम करणारी दृष्टीची कमतरता होय. पूर्ण अंधत्व, अल्पदृष्टी, दृष्टिक्षेत्राचा संकोच आणि मेंदूशी निगडित दृष्टिदोष या सर्वांचा यात समावेश होतो. प्रौढ वयातील दृष्टिनाशापेक्षा ही अवस्था दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली बाब म्हणजे मुलाची दृष्टी विकसित होत असतानाच तिला अडथळा येतो, त्यामुळे उपचारांचा काळ मर्यादित असतो. दुसरी बाब म्हणजे आपल्याला कमी दिसते हे मूल स्वतः सांगू शकत नाही. ते ओळखण्याची, उपचारांपर्यंत नेण्याची आणि उपचार संपल्यानंतर मुलाला घडविण्याची जबाबदारी प्रथम कुटुंबावर येते. नेत्रतज्ज्ञ दूरच्या शहरात असलेल्या ग्रामीण भागात या भूमिकेचे महत्त्व अधिक असते. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा माळशिरस तालुका हे त्याचे एक उदाहरण असून त्याचा विचार या लेखात स्वतंत्रपणे केला आहे.

व्याख्या आणि मोजमाप

दृष्टीची तीक्ष्णता अपूर्णांकात लिहितात. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून वाचता येणारे अक्षर एखाद्या मुलाला ६ मीटरवरूनच वाचता येत असेल, तर त्याची दृष्टी ६/१८ मानली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शक्य तितक्या चांगल्या चष्म्यानंतरही दोहोंपैकी अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास त्यास अंधत्व म्हणतात. ६/१८ ते ३/६० या दरम्यानची दृष्टी, किंवा ४० अंशांपेक्षा कमी व १० अंशांपर्यंतचे दृष्टिक्षेत्र, अल्पदृष्टी या प्रकारात मोडते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात पूर्वी ६/६० ही अंधत्वाची मर्यादा होती. २०१७ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ३/६० करण्यात आली.

‘अंध’ ठरलेल्या प्रत्येक मुलाला काळोखच दिसतो असे नाही. अनेक मुलांना उजेड व अंधार यांतील फरक, हालचाल, ठळक रंग किंवा जवळच्या वस्तूंचे आकार कळतात. या उरलेल्या दृष्टीस अवशिष्ट दृष्टी म्हणतात. तिचा वापर केल्याने डोळा ‘झिजत’ नाही, उलट सरावाने तिचा उपयोग वाढतो. पुस्तक डोळ्यांजवळ धरणाऱ्या अल्पदृष्टी मुलाला तसे करण्यापासून रोखण्याचे कारण नसते. अक्षर जवळ आणल्याने त्याची प्रतिमा मोठी होते आणि मूल हा उपाय स्वतःच शोधून काढते.

दृष्टीचा विकास

नवजात बालकाची दृष्टी अंधूक असते. साधारण सहा ते आठ आठवड्यांत मूल आईच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करते व हसण्याला प्रतिसाद देते. तीन महिन्यांच्या सुमारास ते हलत्या वस्तूमागे नजर फिरवते. डोळ्यांकडून येणाऱ्या संकेतांचा अर्थ लावण्यास मेंदू याच काळात शिकत असतो. दृष्टिपटलावर स्पष्ट प्रतिमा पडली नाही, तर मेंदूतील दृष्टीचा भाग अपुरा विकसित होतो. पुढे डोळ्यातील मूळ दोष दूर केला तरी ही हानी पूर्णपणे भरून निघत नाही. या अवस्थेला ‘आळशी डोळा’ असे म्हणतात. तिच्यावरील उपचार, म्हणजे योग्य चष्मा व निरोगी डोळ्यावर ठरावीक तास पट्टी बांधणे, सात-आठ वर्षांच्या आत अधिक परिणामकारक ठरतात. त्यामुळे ‘मोठे झाल्यावर बघू’ हा सल्ला बालकांच्या डोळ्यांबाबत नुकसानकारक असतो.

कारणे

जन्मजात मोतीबिंदू : बाहुलीत पांढरट ठिपका किंवा झाक दिसते. प्रौढांचा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची जुनी रीत येथे लागू पडत नाही. एका डोळ्यातील दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आणि दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदूची आठ आठवड्यांच्या सुमारास होणे इष्ट मानले जाते. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे याचे एक टाळण्याजोगे कारण आहे. गोवर-रुबेला लसीच्या मात्रा बालकाला ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिल्या जातात.

अकाली जन्मलेल्या बालकांचा दृष्टिपटलविकार : ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात. त्यांची पुढील वाढ विकृत झाली तर दृष्टिपटल सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळा पूर्णपणे निरोगी दिसतो, म्हणून लक्षणांची वाट पाहणे व्यर्थ असते. अशा बालकाची दृष्टिपटल तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत होणे आवश्यक आहे. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १,२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांसाठी ही मुदत दोन ते तीन आठवड्यांची आहे. वेळेवर लेझर किंवा इंजेक्शनचा उपचार झाल्यास बहुतेकांची दृष्टी वाचवता येते.

पारपटलाचे विकार : जीवनसत्त्व अ चा अभाव, गोवर, जंतुसंसर्ग व इजा यांमुळे डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पांढरा पडतो. रातांधळेपणा व डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील फेसाळ डाग (बिटॉटचे डाग) ही अभावाची पूर्वचिन्हे आहेत. पोषणजन्य अंधत्व टाळण्यासाठी भारतात १९७० पासून जीवनसत्त्व अ ची मात्रा देण्याचा कार्यक्रम राबविला जातो. नवव्या महिन्यात १ लाख एकक व त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, अशा एकूण नऊ मात्रा दिल्या जातात. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई, पिकलेला आंबा, दूध व अंडी हे या जीवनसत्त्वाचे परिचित स्रोत आहेत.

जन्मजात काचबिंदू : डोळ्यातील दाब वाढल्याने बालकाचा डोळा आकाराने मोठा होतो, पाणी येते व उजेड सहन होत नाही. टपोरे डोळे सौंदर्याचे लक्षण समजले जात असल्याने या विकाराकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

आनुवंशिक विकार : दृष्टिपटलाचे अनेक ऱ्हासजन्य विकार अप्रभावी जनुकांमुळे होतात. आई व वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते, परंतु त्यांना स्वतःला त्रास नसतो. दोन्ही सदोष प्रती मुलाकडे आल्यास विकार प्रकट होतो. रक्ताच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. मामेबहीण-आतेभाऊ विवाहाची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत प्रचलित असल्याने कुटुंबाचा नातेसंबंध विचारणे हा तपासणीचा आवश्यक भाग ठरतो. अशा आईवडिलांच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारात एक असते आणि ती दोघांच्या जनुकांतून समान येते. एकट्या आईला दोष देण्यास शास्त्रीय आधार नाही.

मेंदूशी निगडित दृष्टिदोष : जन्मताना प्राणवायू कमी पडणे, रक्तातील साखर फार खाली जाणे किंवा मेंदूज्वर यांमुळे मेंदूतील दृष्टिकेंद्रांना इजा होते. डोळे तपासणीत निरोगी असतात, तरीही मूल पाहत नाही किंवा कधी पाहते, कधी नाही. त्यामुळे ते ‘नाटक करते’ असा गैरसमज होतो. अशी मुले बहुधा हलणाऱ्या व ठळक रंगाच्या वस्तूंकडे लवकर लक्ष देतात. वस्तूंची गर्दी व गोंगाट असल्यास त्यांचे पाहणे कमी होते.

दृष्टिपटलाचा कर्करोग : बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक हे रेटिनोब्लास्टोमाचे प्रमुख लक्षण आहे. कधी केवळ तिरळेपणा दिसतो. हा विकार जिवावर बेतणारा असून लवकर निदान झाल्यास बरा होतो. काही वेळा मुलाचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. हा निर्णय स्वीकारणे कुटुंबास अत्यंत कठीण जाते, परंतु त्यात झालेला विलंब घातक ठरू शकतो.

चष्म्याचा नंबर : शालेय वयातील अंधूक दृष्टीचे हे सर्वाधिक आढळणारे आणि सर्वांत सहज दूर होणारे कारण आहे. इतरांना फळ्यावरचे स्पष्ट दिसते याची कल्पनाच नसल्याने मूल तक्रार करत नाही. परिणामी त्याचे मागे पडणे अभ्यासातील आळस समजले जाते.

इजा : विटी-दांडू, धनुष्यबाण, फटाके व टोकदार वस्तू यांबरोबरच तंबाखूसोबत वापरला जाणारा चुना हे डोळ्याच्या इजेचे गंभीर कारण आहे. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबली जाऊन चुना डोळ्यात उडाल्यास पारपटल काही क्षणांत भाजते. अशा वेळी डोळा तत्काळ स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे सतत धुणे, पापण्यांखाली अडकलेले कण काढणे आणि त्यानंतर रुग्णालयात नेणे हा क्रम महत्त्वाचा असतो. धुण्याआधी प्रवासात गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

महाराष्ट्रातील अंधशाळांतील मुलांच्या तपासणीवर आधारित एक अभ्यास २००७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्याच्या जन्मजात विकृतींचा गट सर्वांत मोठा व त्याखालोखाल पारपटलाच्या विकारांचा गट आढळला. अंधशाळेत दाखल असलेल्या काही मुलांना चष्मा किंवा भिंगाने उपयुक्त दृष्टी मिळू शकत होती, ही बाबही त्यातून पुढे आली. शाळाप्रवेशापूर्वी आणि नंतरही नियमित नेत्रतपासणी का हवी, हे यावरून स्पष्ट होते.

घरात दिसणारी लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक मानले जाते :

• तीन महिन्यांनंतरही आईच्या चेहऱ्याकडे न पाहणे किंवा हलत्या वस्तूमागे नजर न फिरवणे
• बाहुलीत पांढरी झाक, विशेषतः फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्यात लाल व दुसऱ्यात पांढरी चमक
• डोळे सतत लुकलुकणे किंवा एका लयीत हलत राहणे
• चार महिन्यांनंतर टिकून राहिलेला तिरळेपणा
• उजेडात डोळे घट्ट मिटणे, सतत पाणी येणे, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसणे
• संध्याकाळनंतर अडखळणे, ताटातील पदार्थ चाचपडणे
• बोटांनी डोळे वारंवार दाबणे
• मान तिरकी करून किंवा एक डोळा झाकून पाहणे

समजुती आणि घरगुती उपाय

गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून मुलाच्या डोळ्यात दोष आला, ही समजूत व्यापक आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. तिचा प्रत्यक्ष परिणाम असा, की आईवर दोषारोप होतो आणि ती मुलाचे लक्षण बोलून दाखवण्यास कचरते. किंचित तिरळा डोळा भाग्याचा मानण्याची समजूत उपचार लांबवते. डोळ्यात मध, आईचे दूध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रस घालण्याच्या प्रथेमुळे संसर्ग वाढून पारपटलावर कायमचा डाग राहू शकतो. काजळामुळे डोळे मोठे होतात हेही खरे नाही. बोटाने काजळ घालताना जंतुसंसर्ग होतो आणि काही काजळांत शिसे आढळते. परंपरेचा मान राखायचा असल्यास काजळाची तीट डोळ्याऐवजी गालावर किंवा कपाळावर लावता येते. आरोग्य कर्मचाऱ्यांनी आजीचा अनुभव धुडकावून न लावता असा पर्याय सुचविल्यास तो स्वीकारला जाण्याची शक्यता अधिक असते.

माळशिरस तालुक्यातील सेवांची साखळी

माळशिरस तालुक्यात माळशिरस, अकलूज, नातेपुते व वेळापूर ही प्रमुख गावे आहेत. तालुक्याच्या सीमा पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि सातारा जिल्ह्यातील फलटण व माण या तालुक्यांना लागतात. जिल्ह्याचे ठिकाण असलेले सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामानाने फलटण व बारामती ही परजिल्ह्यांतील शहरे जवळ पडतात. परिणामी मुलाची तपासणी एका जिल्ह्यात, शस्त्रक्रिया दुसऱ्या जिल्ह्यात आणि दिव्यांग प्रमाणपत्र तिसऱ्या ठिकाणी, असा कुटुंबाचा प्रवास होऊ शकतो. सर्व कागदपत्रे, विशेषतः जन्मवेळचे वजन व गर्भारपणाचे आठवडे नमूद असलेले डिस्चार्ज कार्ड, एकत्र जपून ठेवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

गावपातळीवर आशा स्वयंसेविका या साखळीचा पहिला दुवा आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बालकाच्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देणे अपेक्षित असते. अकाली जन्मलेल्या बालकाच्या दृष्टिपटल तपासणीची तीस दिवसांची मुदत याच भेटींच्या काळात येते. मात्र पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे येथे एक पोकळी निर्माण होऊ शकते. बाळाची नोंद माहेरच्या गावी, उपचार एखाद्या शहरातील नवजात कक्षात आणि पुढचा मुक्काम सासरी, अशा स्थितीत पाठपुरावा कोणत्याच एका कर्मचाऱ्याकडे राहत नाही. तपासणीची तारीख दोन्हीकडच्या कुटुंबांना व दोन्ही गावांतील आशांना कळवणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

अंगणवाडी व शाळा हा दुसरा दुवा होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असलेली फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. जन्मजात मोतीबिंदू, अकाली जन्मलेल्यांचा दृष्टिपटलविकार, जीवनसत्त्व अ चा अभाव व दृष्टिदोष हे तपासणीच्या यादीत आहेत. संशयित मुलांना ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय संदर्भ रुग्णालय आहे.

हा ऊसपट्टा असल्याने हंगामात तोडणी कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात वस्तीला येतात. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात मूल ना मूळ गावच्या अंगणवाडीत असते, ना मुक्कामाच्या गावच्या पटावर. जीवनसत्त्व अ ची सहामाही मात्रा आणि तपासणी पथकाची भेट दोन्ही चुकू शकतात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवल्यास कोणत्याही गावात उरलेली मात्रा घेता येते. उसाच्या धारदार पात्याने डोळ्याला ओरखडा गेल्यास तेथे बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडयुक्त थेंब घालणे धोक्याचे असते.

निदान कुटुंबाला समजावणे

‘आता यावर उपचार नाही’ या डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ कुटुंब अनेकदा ‘आता काहीच करता येणार नाही’ असा घेते. वस्तुतः पहिले वाक्य डोळ्याविषयी असते, मुलाविषयी नव्हे. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येणार नसली, तरी अवशिष्ट दृष्टीचा वापर, स्पर्श व श्रवणाचे शिक्षण, चालण्याचे प्रशिक्षण आणि शाळा यांची तयारी त्याच दिवसापासून सुरू होऊ शकते. हा फरक स्पष्ट न झाल्यास कुटुंब एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात किंवा देवस्थानांकडे फिरत राहते आणि मुलाची शिकण्याची पहिली वर्षे निघून जातात.

निदान समजावताना पाच प्रश्नांची उत्तरे कुटुंबाला सोप्या मराठीत मिळणे अपेक्षित असते. विकाराचे नाव काय आणि डोळ्याचा कोणता भाग बाधित आहे? मुलाला आज काय दिसते व काय दिसत नाही? दृष्टी पुढे स्थिर राहील, सुधारेल की कमी होईल? पुढच्या अपत्याला धोका आहे का? आणि घरी काय करायचे? ही उत्तरे केवळ आईला न सांगता वडील व आजी-आजोबांच्या उपस्थितीत दिल्यास उपयोग होतो. एकत्र कुटुंबात प्रवासाचा, खर्चाचा व शाळेचा निर्णय सामायिक असतो आणि सासरी दिलेला निरोप सुनेच्या तोंडून गेल्यास त्याचे वजन कमी होण्याचा संभव असतो.

धक्का, नकार, राग, अपराधी भाव व दुःख या आईवडिलांच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत. त्या एका क्रमाने येतात आणि संपतात असे नाही. शाळाप्रवेश, भावंडाचा जन्म किंवा सोबतच्या मुलांची प्रगती अशा प्रसंगी त्या पुन्हा उद्भवतात. दृष्टिबाधित मुलांच्या इतर पालकांची भेट या टप्प्यावर विशेष उपयोगी ठरते.

घरातील संगोपन

डोळस मूल पाहून अनुकरण करते. स्वयंपाक कसा होतो, दाराला कडी कशी लावतात हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. दृष्टिबाधित मुलाला हेच ज्ञान हाताने व शब्दाने पोहोचवावे लागते. संगोपनाची बहुतेक सूत्रे या एका तत्त्वातून निघतात.

बोलणे : मुलाला उचलण्यापूर्वी नावाने हाक मारणे, खोलीत येताना व बाहेर जाताना सांगणे यामुळे त्याला सुरक्षित वाटते. ‘ते तिकडे ठेव’ यापेक्षा ‘तांब्या तुझ्या उजव्या हाताला, चुलीजवळ ठेव’ असे सांगणे उपयोगी पडते. ‘बघ’ हा शब्द टाळण्याची गरज नसते. दृष्टिबाधित व्यक्तीही तो सहज वापरतात.

हात : मुलाचा हात ओढून वस्तूवर ठेवण्याऐवजी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून त्याला वस्तूकडे नेणे अधिक योग्य मानतात. त्यामुळे मूल स्वतःच्या इच्छेने स्पर्श करते. ज्वारीचे पीठ मळताना परातीत त्याचा हात घेणे, भाकरी थापण्याचा आवाज ऐकवणे, शेंगा सोलायला देणे, धान्य निवडताना बाजरी व हरभरा यांतील फरक बोटांना कळू देणे ही घरातली कामे महागड्या खेळण्यांइतकीच उपयोगी असतात.

हालचाल : समोरची वस्तू दिसत नसल्याने ती घेण्यासाठी सरकण्याची ओढ दृष्टिबाधित बालकाला नसते. केवळ आवाजाच्या दिशेने हात पुढे करणे त्याला बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीस जमू लागते. त्यामुळे रांगणे व चालणे उशिरा सुरू होऊ शकते. हा बौद्धिक मागासलेपणा नव्हे. आवाज करणारी खेळणी हाताला लागतील इतक्या अंतरावर ठेवणे, पोटावर झोपवून खेळवणे आणि घरातील सामानाची जागा वारंवार न बदलणे याने हालचालीला चालना मिळते. मुलाला पडण्याच्या भीतीने कायम कडेवर ठेवल्यास पायांचे स्नायू व आत्मविश्वास दोन्ही कमकुवत राहतात.

अवशिष्ट दृष्टी : पांढऱ्या ताटात भात आणि काळ्या तव्यावर काळी पळी न दिसणे स्वाभाविक आहे. ताट-वाटीचा रंग अन्नाहून वेगळा ठेवणे, पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा ओढणे, उजेड मुलाच्या पाठीमागून येईल असे बसवणे हे अल्प खर्चाचे बदल आहेत.

शिस्त व कामे : दयेपोटी सर्व माफ करणे आणि इतर भावंडांकडून मात्र सर्व अपेक्षा करणे यामुळे घरात तेढ निर्माण होते. कपडे घालणे, स्वतःच्या हाताने जेवणे, अंथरुणाची घडी घालणे ही कामे वयानुरूप शिकवता येतात. मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेच्या काळजीने शाळा व बाहेरचा वावर बंद होण्याची शक्यता अधिक असते. चांगला व वाईट स्पर्श, स्वच्छता व मासिक पाळी यांविषयीचे शिक्षण त्यांना स्पष्ट शब्दांत आणि वेळेआधी देणे आवश्यक असते.

शिक्षण

२०१६ च्या अधिनियमानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे या वयात जवळच्या नियमित शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संलग्न विशेष शिक्षक नियमित शाळांतील दिव्यांग विद्यार्थ्यांना साहाय्य करतात. गावातील शाळेत मूल कुटुंबात राहते व भावंडांसोबत शिकते. निवासी अंधशाळेत ब्रेल, संचार व संगणक यांचे सलग प्रशिक्षण मिळते, मात्र घर दुरावते. काही मुले प्राथमिक शिक्षण विशेष शाळेत घेऊन माध्यमिक टप्प्यावर नियमित शाळेत येतात. पुण्यात मुलांसाठी कोरेगाव पार्क व मुलींसाठी कोथरूड येथे अंधशाळा आहेत. आळंदी येथे जागृती ही मुलींची शाळा आहे.

ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांना वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या जागी चामडे टोचण्याच्या हत्याराने इजा झाली आणि संसर्ग पसरून दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्यांची लिपी सहा टिंबांच्या रचनेवर आधारित आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धत स्वीकारली गेली. तीत ‘अ’साठी पहिले टिंब व ‘क’साठी पहिले व तिसरे टिंब वापरतात. काना-वेलांटीची वेगळी चिन्हे नसून व्यंजनानंतर स्वर लिहिला जातो, म्हणजे ‘कि’ हे ‘क’ व ‘इ’ असे लिहितात. डोळस पालकांना ही लिपी डोळ्यांनी वाचण्यास शिकणे फारसे अवघड नाही. त्यामुळे मुलाचा गृहपाठ घरी तपासता येतो. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतील ब्रेल पाक्षिक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात सुलभ स्वरूपातील पुस्तके मिळतात. मोबाइल व संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक व एनव्हीडीए या प्रणाली विनामूल्य आहेत. मात्र ऐकण्याने शुद्धलेखन येत नाही, म्हणून ब्रेलचे शिक्षण वगळणे तज्ज्ञांना मान्य नसते.

परीक्षेत लेखनिक घेण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या २०१८ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासास किमान २० मिनिटे वाढीव वेळ दिला जातो. लेखनिकाला उत्तर सांगण्याचा सराव मुलास अगोदरपासून असणे हिताचे असते.

प्रमाणपत्र आणि सवलती

शासकीय सवलतींसाठी वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) आवश्यक असते. त्याचा अर्ज स्वावलंबन या संकेतस्थळावर करून ठरवून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी करावी लागते. बदलू शकणाऱ्या दृष्टीच्या बाबतीत लहान मुलांना ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेली व दुसरा डोळा निरोगी असल्यास दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. ते ४० टक्क्यांच्या मर्यादेखाली असल्याने बहुतेक सवलती लागू होत नाहीत. हे अगोदर माहीत असल्यास कुटुंबाच्या फेऱ्या वाचतात.

एस.टी. व रेल्वे भाड्यातील सवलत, शिष्यवृत्ती आणि तहसील कार्यालयामार्फत संजय गांधी निराधार अनुदान योजना यांचा लाभ पात्रतेनुसार मिळतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असून त्याची मागणी ग्रामसभेत करता येते. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के व शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण आहे. त्या चारपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची स्थापना झाली.

उल्लेखनीय व्यक्ती

विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली. विपुल ग्रंथरचनेमुळे ते ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून ओळखले जातात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. पुढे त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. जन्मतः अंध असलेल्या अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. अशी उदाहरणे कुटुंबांना धीर देतात. तथापि प्रत्येक मुलाकडून असामान्य यशाची अपेक्षा ठेवणे हे पुनर्वसनाचे उद्दिष्ट नाही. स्वतःचे दैनंदिन व्यवहार सांभाळणारे, शिकलेले व घरात बरोबरीचे स्थान असलेले मूल हेच त्याचे फलित मानले जाते.

हे सुद्धा पहा

• ब्रेल लिपी
• अल्पदृष्टी
• रातांधळेपणा
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
• माळशिरस तालुका